कंट्रोल दुकानाचं निलंबन: तक्रार कशी करायची, चौकशीत काय पाहायचं आणि गावाचं धान्य कसं चालू ठेवायचं

‘कंट्रोलवाला’, म्हणजे रेशन दुकानदार, ‘धान्य खातो’ ही तक्रार विदर्भातल्या बहुतेक गावांत पारावर आणि चहाच्या टपरीवर ऐकू येते. कागदावर ती क्वचितच येते, आणि आली तरी इतकी मोघम असते की तहसीलमधून पुढे काही होत नाही. याच्या उलटही घडतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोणी विरोधात गेलं म्हणून चार सह्या गोळा होतात, दुकान निलंबित होतं, आणि गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना महिनोन् महिने शेजारच्या गावी पायपीट करावी लागते. दोन्हीकडे भुर्दंड बसतो तो कार्डधारकाला.

म्हणून हा लेख तिघांसाठी लिहिला आहे. एक, तक्रार करणारा गावकरी. दोन, दुकानाच्या वाटपावर लक्ष ठेवणाऱ्या दक्षता समितीचा सदस्य. तीन, ज्याच्यावर संशय आहे तो दुकानदार किंवा बचत गट. निलंबन म्हणजे चौकशी होईपर्यंत धान्य आणि पुरावा जागेवर राहावा म्हणून घातलेला तात्पुरता थांबा. तो शिक्षा म्हणून वापरला जाऊ नये, आणि तो घालताना एकाही घराचा शिधा चुकू नये. पुढचं सगळं या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे.

आधी आपला हक्क आणि तीन आकडे

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी 2014 पासून सुरू झाली. अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, मग घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. म्हणजे पाच जणांचं घर असेल तर 25 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. त्यामुळे ‘हमाली’, ‘गाडीभाडं’, ‘मशीनचा खर्च’ अशा कुठल्याही नावाखाली पाच-दहा रुपये घेतले जात असतील, तर ती अनियमितता आहे आणि तेवढ्यावरही तक्रार होऊ शकते. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांत आणि वर्ध्यात केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना 2023 पासून धान्याऐवजी खात्यात पैसे मिळतात. ‘आमचं धान्य दुकानदाराने बंद केलं’ अशी त्यांची तक्रार असेल, तर आधी बँकेचं पासबुक पाहावं.

आता तीन आकडे समोरासमोर ठेवा. पहिला आकडा ई-पॉस मशीनच्या, म्हणजे दुकानात अंगठा घेऊन वाटप नोंदवणाऱ्या मशीनच्या, पावतीवर छापलेल्या किलोंचा. दुसरा, घरी आणून मोजलेल्या किलोंचा. तिसरा, राज्याच्या अन्न पुरवठा विभागाच्या ‘महाफूड’ संकेतस्थळावरून उघडणाऱ्या ई-पॉसच्या पानावर तुमच्या बारा अंकी कार्ड नंबरासमोर त्या महिन्यात दिसणाऱ्या वाटपाचा. मोबाइलवर जमत नसेल तर सेतू केंद्रात किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून काढून घ्या. त्याच पानावर दुकानाच्या क्रमांकावरून नियतन (मंजूर धान्य) किती, उचल (गोदामातून आलेलं) किती, वाटप किती आणि शिल्लक किती हेही पाहता येतं.

पावतीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण बहुतेक प्रकरणं इथेच कमजोर पडतात. मशीनची पावती थर्मल कागदाची असते. चुलीच्या वर, पत्र्याच्या घरात, मे महिन्याच्या उन्हात ती ठेवली की काही आठवड्यांत अक्षरं उडतात आणि हातात पांढरी चिटोरी उरते. म्हणून धान्य घेतलं त्याच दिवशी पावतीचा फोटो काढा. धान्य वजनकाट्यावर ठेवून काट्याचा आकडा दिसेल असा दुसरा फोटो काढा. पावती दिलीच नाही तर ती मागा. नाकारली तर तारीख, वेळ आणि त्या वेळी रांगेत कोण होतं ते वहीत लिहून ठेवा. असा हिशेब दोन-तीन महिन्यांचा आणि पाच-सहा घरांचा जमला की तक्रारीला वजन येतं.

तफावत दिसली म्हणजे चोरीच झाली असं नाही

कापूस वेचणीच्या दिवसांत बायांची बोटं बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली असतात. मशीनवर अंगठा लागत नाही. कोणी चार वेळा प्रयत्न करून रिकाम्या हाती परत जातं, तर कुठे दुकानदार सुनेचा अंगठा घेऊन सासूचं धान्य देतो आणि नोंदीत वेगळंच दिसतं. अंगठा लागत नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी किंवा नेमलेल्या व्यक्तीमार्फत वाटप असे पर्याय आहेत. ते न वापरता ‘अंगठा नाही तर धान्य नाही’ म्हणून परत पाठवणं ही दुकानदाराची चूक आहे. पण ती धान्य काळ्या बाजारात विकण्यासारखी चूक नव्हे, आणि दोन्हींचं माप एकच असू नये.

दुसरं कारण गोदामातलं. 50 किलोचा म्हणून आलेला कट्टा काट्यावर कमी भरतो, आणि दुकानदार ती तूट गिऱ्हाइकाच्या पिशवीतून भरून काढतो. हे चूकच आहे. पण चौकशी दुकानापाशीच थांबली तर खरा गळका भाग वरच राहतो. गोदामातून दुकानापर्यंत धान्य आणणारी द्वारपोच गाडी आली की दुकानदाराने कट्टे मोजून घ्यायचे असतात आणि तूट असेल तर पोचपावतीवर तिथल्या तिथे लिहायची असते. दक्षता समितीच्या सदस्यांनी महिन्यातून एकदा गाडी आल्यावर हजर राहावं. त्या एका तासात अर्धं गणित कळतं.

तिसरं कारण मेळघाट आणि गडचिरोलीकडचं. पावसाळ्यात नदीनाल्यांमुळे तुटणाऱ्या गावांना चार महिन्यांचं धान्य पाऊस लागण्याआधीच पोचवलं जातं. मे-जूनमध्ये अशा दुकानात साठा जास्त दिसला, तर तो साठेबाजीचा पुरावा ठरत नाही. त्याच धारणी-भामरागड पट्ट्यात नेटवर्क नसल्यामुळे ऑफलाइन झालेल्या नोंदीही उशिरा चढतात. तक्रार लिहिण्याआधी हे प्रश्न दुकानदाराला साक्षीदारांसमोर सरळ विचारावेत. उत्तर पटलं नाही तर पुढे जावं.

तक्रार अशी लिहा

‘धान्य बरोबर मिळत नाही’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. त्याला तारीख, कार्ड नंबर आणि किलो लागतात. मजकूर साधारण असा असावा:

*प्रति, मा. तहसीलदार (पुरवठा विभाग). विषय: मौजा …, ता. …, जि. … येथील रास्त भाव दुकान क्र. … मधील कमी वाटपाबाबत. अर्जदाराचे अंत्योदय कार्ड क्र. … आहे. दि. … रोजी पावतीवर 35 किलो नोंद असून प्रत्यक्ष 30 किलो धान्य मिळाले. त्याच महिन्यात खालील कार्डधारकांनाही सोबतच्या तक्त्याप्रमाणे कमी धान्य मिळाले. पावत्यांचे व वजनाचे फोटो सोबत जोडले आहेत. दुकानातील साठा, ई-पॉसवरील शिल्लक व साठा रजिस्टर यांची समक्ष पडताळणी करून पंचनामा करावा. चौकशीदरम्यान कार्डधारकांचे धान्य खंडित होणार नाही अशी पर्यायी व्यवस्था करावी.*

शेवटचं वाक्य गाळू नका. ते तक्रारीतच असेल, तर पुढे ‘आम्हाला कोणी सांगितलं नाही’ असं म्हणायला जागा राहत नाही.

अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तहसीलमधून निघू नका. एक प्रत जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याला पाठवा. 1967 या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते, तिथे मिळालेला क्रमांक अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवा. कायद्याच्या कलम 15 नुसार प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आहे. धान्यच मिळालं नाही, अशी तक्रार असेल तर त्याच्याकडे स्वतंत्र अर्ज करा. त्याच्यावर राज्य अन्न आयोग आहे.

ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर चांगलंच. मात्र ठरावात ‘दुकान रद्द करा’ असा निकाल लिहू नका, ‘पडताळणी करा’ असं लिहा. ठराव राजकीय वाटला की सुनावणीत दुकानदाराचा वकील तिथेच बोट ठेवतो. आणि ज्यांनी धान्य कमी मिळाल्याचं स्वतः पाहिलेलं नाही त्यांच्या सह्या घेऊ नका. जबाबाच्या वेळी ‘मला माहीत नाही, सही मागितली म्हणून केली’ असं एकाने जरी सांगितलं, तरी खरी तक्रार बुडते.

पंचनाम्याचा दिवस

पुरवठा निरीक्षक येतात, दुकान उघडतात, कट्टे मोजतात. पंच म्हणून तुम्हाला बोलावलं तर चार गोष्टींवर लक्ष ठेवा. कट्टे नुसते मोजले की वजनही केले? मशीनवरची त्या क्षणाची शिल्लक लिहून घेतली का? फुटलेले कट्टे आणि सांडलेलं धान्य वेगळं नोंदलं का? भावफलक, साठाफलक आणि तक्रारवही जागेवर होती का? सगळं लिहून झाल्यावर पंचनामा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

दुकानदारानेही इथे गप्प राहू नये. एखादी नोंद मान्य नसेल तर सहीच्या वर ‘अमुक नोंद मान्य नाही, कारण…’ असं स्वतःच्या हाताने लिहावं आणि पंचनाम्याची प्रत मागावी.

निलंबनाचा आदेश कसा वाचायचा

दुकानाच्या प्राधिकारपत्राचं (परवान्याचं) निलंबन सर्वसाधारणपणे जिल्हा पुरवठा अधिकारी करतात. त्यामागे महाराष्ट्र अनुसूचित वस्तू (वितरणाचे विनियमन) आदेश, 1975 आणि केंद्राचा 2015 चा सार्वजनिक वितरण व्यवस्थेचा नियंत्रण आदेश आहे. निलंबनात परवाना दुकानदाराच्याच नावावर राहतो, फक्त काम थांबतं. रद्द झाला की परवाना जातो. जीवनावश्यक वस्तू कायदा 1955 खालचा गुन्हा ही तिसरी आणि वेगळी वाट आहे. तिथे पोलीस, धान्यजप्ती आणि कोर्ट येतं. गावात या तिन्हींची सरमिसळ होते आणि ‘निलंबित झाला म्हणजे चोर ठरला’ असं बोललं जातं. तसं बोलू नये, कारण अजून काहीच ठरलेलं नसतं.

आदेश हातात आला की कारण शोधा. ‘तपासणीत गंभीर अनियमितता आढळून आल्याने’ एवढंच असेल तर तो आदेश कच्चा आहे. कोणत्या तारखेची तपासणी, किती क्विंटल तफावत, कोणत्या अटीचा भंग, हे त्यात हवं. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व इथे कामाला येतं: आदेशात जी कारणं नाहीत, ती नंतर प्रतिज्ञापत्र देऊन आत घुसडता येत नाहीत.

पुरावा नष्ट होण्याची भीती असेल तर आधी निलंबन आणि लगेच नंतर सुनावणी, असं होऊ शकतं. पण त्यासोबत किंवा त्यामागोमाग कारणे दाखवा नोटीस यायलाच हवी. नोटिशीत प्रस्तावित कारवाईही स्पष्ट हवी. गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या यादीबाबत हेच म्हटलं. ज्या कारवाईचा विचार आहे तिचा नोटिशीत उल्लेख नसेल, तर माणूस उत्तर कशाला देणार? तो निकाल ठेकेदाराच्या प्रकरणातला आहे, पण मुद्दा दुकानदाराच्या खुलाशातही मांडता येतो.

मुदतीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. निलंबन महिनोन् महिने चालू ठेवणं म्हणजे सुनावणीशिवाय दिलेली शिक्षा. सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात 2015 मध्ये तीन महिन्यांची रेषा आखली: तेवढ्यात दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे नेऊ नये. कंट्रोल दुकानदार सरकारी नोकर नाही, त्यामुळे ही रेषा त्याला थेट लागू होत नाही. तरी दोन-तीन महिन्यांत निर्णय व्हावा असं लेखी मागायला काहीच हरकत नाही, आणि ते दुकानदाराइतकंच तक्रारदारानेही मागावं. चौकशी रेंगाळली की साक्षीदार पांगतात, पावत्या हरवतात, आणि अखेर पुराव्याअभावी सगळं जैसे थे होतं.

आता मुख्य गोष्ट: धान्य

निलंबनाच्या बातमीने गावात दोन दिवस समाधान असतं. तिसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहतो: या महिन्याचं धान्य कुठून आणायचं? नियमाप्रमाणे निलंबित दुकानाच्या कार्डधारकांसाठी पर्यायी व्यवस्था करावी लागते. बहुतेक वेळा शेजारच्या गावचं दुकान जोडलं जातं. कागदावर जोडणी झाली की काम संपलं असं कार्यालयात धरलं जातं. गावाचं काम मात्र तिथे सुरू होतं.

पहिल्याच आठवड्यात तहसीलला विचारा: आमच्या गावचं नियतन जोडलेल्या दुकानाकडे वळवलं का? ते वळवलं नसेल तर तो दुकानदार आधी आपल्या गावाला वाटप करतो आणि तुम्हाला ‘तुमचं आलंच नाही’ म्हणून परत पाठवतो. त्याचा यात दोष नाही, त्याच्याकडे माल तेवढाच असतो. शिधापत्रिकेच्या पोर्टेबिलिटीमुळे राज्यात कुठल्याही दुकानातून धान्य घेता येतं हे खरं, पण साठा नसलेल्या दुकानात त्याचा उपयोग नाही.

मग अंतर. अंत्योदय कार्डवाली एकटी विधवा बाई 35 किलो धान्य डोक्यावर घेऊन पाच किलोमीटर चालू शकत नाही. ऑटोला दीडशे रुपये द्यावे लागले तर मोफत धान्य मोफत राहत नाही. त्यामुळे अशी मागणी करा: जोडलेल्या दुकानदाराने ठरलेल्या दोन दिवशी मशीन आणि माल घेऊन आपल्या गावात, ग्रामपंचायत भवनात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात वाटप करावं. तारखा दवंडीने आणि व्हॉट्सअॅपवर कळवाव्यात. ही मागणी ग्रामपंचायतीच्या पत्रावर करा. तहसीलदारांनी होकार दिला तर तो लेखी घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नाल्यापलीकडच्या गावांनी तर जूनच्या आधीच हे मार्गी लावावं. पूर आल्यावर जोडलेलं दुकान असून नसल्यासारखंच.

गावातच सक्षम बचत गट असेल तर त्याला तात्पुरतं वाटप द्यावं, असा अर्जही करता येतो. अन्न सुरक्षा कायद्यात पंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांना दुकानासाठी प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे, आणि दुकानाची व्यवस्था महिलांकडे असावी असंही. परवाना शेवटी रद्द झाला तर त्या गटाला कामाचा अनुभव मिळालेला असतो.

इतकं करूनही एखाद्या घराला महिन्याचं धान्य मिळालं नाही, तर कलम 8 नुसार अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. हा भत्ता आपणहून कोणी देत नाही, मागावा लागतो. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे कार्ड नंबर, महिना आणि धान्य मिळालं नसल्याचं ई-पॉसच्या पानाचं छापील चित्र जोडून अर्ज करा.

ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासाठी

नोटीस आली की पहिल्याच दिवशी खुलासा लिहायला बसू नका. आधी कागद मागा: तक्रारीची प्रत, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, तपासणी अहवाल. ‘ही कागदपत्रं मिळाल्याशिवाय मुद्देनिहाय खुलासा शक्य नाही, ती द्यावीत आणि तोवर मुदत वाढवावी’ असा एक पानी अर्ज मुदतीच्या आत आवकला लावा. नोटिशीला उत्तरच दिलं नाही, तर एकतर्फी निर्णयाला मोकळी वाट मिळते.

खुलासा मुद्द्यागणिक लिहा. साठ्यात दोन क्विंटलची तूट दाखवली असेल, तर गोदामाच्या पोचपावत्या, गाडी आल्या दिवसाची नोंद आणि ऑफलाइन वाटपाची यादी लावा. खरंच चूक झाली असेल, उदाहरणार्थ मशीन बंद असताना वहीवर वाटप केलं आणि नोंद चढवायची राहिली, तर ते स्पष्ट सांगा आणि त्या कार्डधारकांचे जबाब जोडा. तक्रारदाराच्या घरी जाऊन दम देणं किंवा ‘सही मागे घे’ म्हणणं हा प्रकार तर बिलकूल नको. तो स्वतःच नवा पुरावा बनतो.

महिलांच्या गटाने चालवलेल्या दुकानात सगळे हिशेब बरेचदा एकीच्याच हाती असतात, किंवा तिच्या नवऱ्याच्या. नोटीस गटाच्या नावे येते, म्हणून उत्तरही गटाच्या बैठकीत ठरावं आणि ठरावाची प्रत खुलाशाला जोडावी.

चौकशी अडली तर, आणि निकाल लागल्यावर

दोन महिने झाले आणि काहीच हललं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत हवा, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. ‘चौकशी का रखडली’ असं विचारू नका. ‘आमच्या दि. … च्या अर्जावरील टिपणी, तपासणी अहवाल आणि आजवरचा पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. उत्तरासाठी 30 दिवस असतात, मग पहिलं अपील. दुसरं अपील नागपूर किंवा अमरावतीच्या माहिती आयोग खंडपीठाकडे, आपला जिल्हा ज्या विभागात असेल तिथे.

निर्णय कोणाच्याही विरोधात गेला तरी आदेशाचा दिनांक आणि तो हाती पडल्याचा दिनांक, दोन्ही लिहून ठेवा. निलंबन किंवा रद्द करण्याच्या आदेशावर दुकानदाराला अपील करता येतं आणि 30 दिवसांची मुदत धरून चालावं. महाराष्ट्रात ही प्रकरणं विभागीय उपायुक्त (पुरवठा) यांच्याकडे आणि त्यापुढे मंत्रीस्तरावर पुनर्निरीक्षणासाठी जातात. तिथे स्थगिती मिळाली की दुकान पुन्हा सुरू होतं. तक्रारदाराला हे अनेकदा मशीन चालू झाल्यावरच कळतं. म्हणून आपल्यालाही सुनावणीची सूचना मिळावी, असा अर्ज आधीच देऊन ठेवा.

त्यानंतरची वाट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची. वकिलाच्या फीचा विचार करून थांबू नका. तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. समितीचं कार्यालय तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच असतं. जाताना आवक शिक्क्याची प्रत, आदेश आणि पावत्यांचे फोटो छापून न्या.